दोन गाठींची चिंधी

थोरलीने गोणी टेबलावर उपडी केली. बाटल्या पडल्या, पुठ्ठे पडले, डब्यांची झाकणं घरंगळली आणि सगळ्यात शेवटी ढिगावर एक चिंधी येऊन पडली. निळ्या फुलांची. तिला दोन गाठी मारलेल्या होत्या.

थोरलीचे ओठ हलत होते, ते थांबले.

काम करताना ती देवाचं नाव घ्यायची. एक वस्तू उचलायची, एक नाव घ्यायचं. लग्न होऊन या घरात आली, सासूबाईंच्या मागे गोणी घेऊन फिरायला लागली, तेव्हापासूनचा तो नेम. दुखणं असो, पाऊस असो, नेम चुकला नव्हता. डोळे रस्त्यावर, हात कचऱ्यात आणि जीभ नामात. हाताने काय उचललं हे पुष्कळदा गोणी उपडी केल्यावरच कळायचं. आता ती शेडमध्ये बसून कचरा वेगळा करायची, तरी घरून येताना वाटेत दिसेल ते उचलून आणायची सवय काही सुटली नव्हती. आज सकाळीही हाताला चिंधी दिसली आणि हाताने ती ओढून घेतली.

ओढून घेतली. म्हणजे ती कशात तरी अडकवलेली होती.

"काय गं, साप निघाला का?" शेजारी काच वेगळी करणाऱ्या बाईने विचारलं. तिला सगळे बडबडीच म्हणायचे. "निघाला असला तर मुकादमाच्या खिशात सोड. तेवढंच पुण्य."

थोरलीने चिंधी उचलली. अंगठा एका गाठीवरून फिरवला, मग दुसरीवरून.

ही फुलं सासूबाईंच्या चादरीची. त्या गेल्यावर दोघी सुनांनी चादर फाडून अर्धी अर्धी घेतली होती. चिंधीची रीतही त्यांनीच शिकवलेली. कचऱ्यावर पोट असणाऱ्या प्रत्येक घराची आपली एक चिंधी असायची. कचऱ्याच्या कुंडीवर एक गाठ मारलेली चिंधी दिसली की समजायचं, ही बघून झाली, पुढची बघा. दोन गाठी दिसल्या की समजायचं, आत माणूस आहे.

आणि निळ्या फुलांची चिंधी आता शहरात एकच बाई बांधत होती. तिची धाकटी जाऊ.

शहराचं नवं धोरण आलं, तेव्हा उघडे ढीग आणि जुन्या कुंड्या गेल्या. ढीग जाळणं बंद झालं, उंदीर कमी झाले. थोरलीने धोरणाला कधी नावं ठेवली नाहीत. धूर गेल्यापासून रात्री खोकल्याशिवाय झोप लागत होती, ही तिला देवाची कृपाच वाटायची. ढिगांच्या जागी लोखंडाच्या हिरव्या पेट्या आल्या, माणसाच्या छातीइतक्या उंच. झाकण पडलं की खटका आपोआप बसायचा आणि तो फक्त बाहेरून उघडायचा. ट्रक यायचा, लोखंडी हातांनी पेटी उचलायचा, आपल्या पोटात ओतायचा आणि आतली जाड पाटी सगळं दाबून चपटं करायची. कचरा वेचणाऱ्यांनाही धोरणाने वाऱ्यावर सोडलं नव्हतं. नोंदणी झाली, शेडमध्ये टेबलं लागली, हातमोजे मिळाले. गळ्यात बिल्ला आला. त्यावर फोटो आणि खाली 'पर्यावरण सेविका'.

नोंदणीच्या यंत्रावर थोरलीचा अंगठा उमटला. धाकटीचा उमटला नाही. ती काच आणि पत्रा वेचणारी. बोटांवरच्या रेषा घासून घासून सपाट झालेल्या. यंत्रावरच्या माणसाने तिची सगळी बोटं लावून पाहिली, मग म्हणाला, "स्वच्छ धुऊन या." धाकटी म्हणाली, "दादा, धुऊनच आलेय. आता सोलून आणू का?" रांगेतले सगळे हसले. यंत्राचा लाल दिवा तसाच राहिला.

बिल्ला नाही म्हणून शेड नाही, आणि बिल्ला नसलेल्याने पेटीला हात लावायचा नाही. मग धाकटी ट्रक येण्याआधी पेट्यांत उतरायला लागली. चिंधी खटक्यात कोंबायची, म्हणजे झाकण पडलं तरी खटका बसत नसे. वर दोन गाठी. सासूबाईंच्या चिंधीला आता दोन कामं झाली होती.

आज सकाळी चिंधी ओढली तेव्हा मागे खट्ट असा आवाज झाला होता. थोरलीला तो आता ऐकू आला.

मुकादमाचं टेबल शेडच्या दाराशी होतं. तिथपर्यंत ती कशी गेली, तिला सांगता आलं नसतं. मूठ तेवढी घट्ट मिटलेली होती.

"दादा, ट्रक थांबवा."

"कुठला ट्रक?"

"पेट्या उचलणारा. पेटीत माझी जाऊ आहे."

मुकादमाने चहाचा कप खाली ठेवला. "पेटीत कोणी नसतं, ताई. पेटीला खटका असतो."

"खटका मीच लावलाय."

मुकादम तिच्याकडे बघत राहिला. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला धरून चालणारा. "तुम्ही काय बोलताय, कळतंय का? घरातलं कोणी पेटीत सापडलं तर बिल्ला जातो. तुमचासुद्धा."

"घ्या," ती म्हणाली आणि खरंच बिल्ला गळ्यातून काढायला लागली. दोरी वेणीत अडकली. "घ्या, पण ट्रक थांबवा."

मुकादमाने फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. बंद झाली. पुन्हा लावला.

"उचलत नाही," मुकादम म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. "गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा नियम मीच केलाय."

त्याने स्कूटर काढली. थोरली मागे बसली. आयुष्यात कधी परक्या माणसाच्या मागे बसली नव्हती. आज त्याच्या सदऱ्याची मागची बाजू तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"कुठली पेटी?" त्याने वळून विचारलं.

तेच तर तिला आठवत नव्हतं. घरापासून शेडपर्यंत कितीतरी पेट्या, सगळ्या हिरव्या, सगळ्या सारख्या. तिने डोळे मिटून सकाळची वाट पुन्हा चालून पाहिली. शाळेची भिंत. वळण. मग? मनात नुसतं नाव होतं. आजवर ज्या नावाने तारलं, त्याच नावामागे आजची सकाळ कुठेतरी लपून बसली होती. देवा, तुझं नाव घेतानाच माझा हात चुकला. आता तूच सांग.

"गालाला ऊब लागली होती," ती एकदम म्हणाली. "चिंधी काढताना गालाला गरम लागलं होतं."

"दवाखान्यामागे स्वयंपाकघराचं धुराडं आहे."

"तिथंच चला."

दवाखान्यामागची पेटी उघडी होती. झाकण मागे लटकत होतं. थोरलीने काठाला धरून आत वाकून पाहिलं. तळाला ओलं होतं, एका कोपऱ्याला भाजीचं पान चिकटलं होतं. बाकी काही नाही.

"उचलली," मुकादम हळूच म्हणाला.

ती काठ धरून उभी राहिली. तिला धाकटीचा चेहरा आठवेना. आठवली ती फक्त तिची चप्पल, पट्टा तुटलेला, तारेने बांधलेला. सकाळी निघताना दाराशी ती चप्पल नव्हती. म्हणजे धाकटी लवकर गेली होती. थोरलीने तेव्हा पाहिलंही होतं, आणि मनात आलं होतं, आज हिला घाई दिसते.

ट्रक त्यांना पुढच्या वळणावर सापडला. मुकादमाने स्कूटर सरळ त्याच्यापुढे आडवी घातली. ट्रकवाला कानांवरची आवाज अडवणारी टोपणं काढत खाली उतरला.

"साहेब, मरायचंय का?"

"दवाखान्याची पेटी घेतली?"

"घेतली की."

"दाबली?"

"दाबणार नाही तर काय, उशाशी घेऊन झोपणार?" तो हसला. मग त्याचं लक्ष थोरलीकडे गेलं. तिच्या मुठीतून निळ्या चिंधीचं टोक बाहेर आलं होतं. त्याने ते पाहिलं आणि त्याचं हसू विरून गेलं. "काय झालंय?"

"इंजिन बंद करा," मुकादम म्हणाला.

इंजिन बंद झालं. थोरलीने कमरेचा आकडा काढला, कचरा ओढायचा लोखंडी आकडा, आणि ट्रकच्या पोटावर ठोकला. एक, दोन, तीन. आत असलेल्या माणसाला बाहेरच्याने विचारायची तीही जुनी रीत. तीनदा ठोकायचं आणि थांबायचं.

ती थांबली. आतून काही आलं नाही.

पुन्हा ठोकलं. ट्रकच्या खालून काळपट पाणी थेंब थेंब गळत होतं. ती त्या पाण्याचा रंग बघत राहिली. काळंच आहे, ती मनात म्हणाली. काळंच आहे. देवा, काळंच राहू दे.

ट्रकवाला रस्त्याच्या कडेला बसला होता. दोन्ही हात डोक्यावर. "मला आतलं दिसतच नाही हो, ताई. मी वर बसतो. मला पेटीसुद्धा आरशात दिसते. शपथ घेऊन सांगतो."

"पाटी मागे घे आणि दार उघड," मुकादम म्हणाला.

"उघडतो. उघडतो." पण तो उठला नाही.

तेवढ्यात वाऱ्याबरोबर कुठूनशी ओलसर वाफ आली. साबणाच्या वासाची, गरम. थोरलीच्या डाव्या गालाला लागली.

ती वळली. रस्त्यापलीकडे कपडे धुऊन देणाऱ्या कारखान्याची लांब भिंत होती. भिंतीतून एक नळी बाहेर आली होती आणि नळीतून वाफ सुटत होती. नळीखाली हिरवी पेटी. झाकण बंद.

"पुढची कुठली घेणार होतास?" तिने विचारलं. तिचा आवाज इतका हळू होता की तिला पुन्हा विचारावं लागलं.

"तीच," तो म्हणाला. "आता तीच घेणार होतो."

थोरली धावली. पेटीवर आकड्याने तीनदा ठोकलं. लोखंड वाफेने तापलेलं होतं. थांबली. काही नाही. कान लावला, कान भाजला. काही नाही. खटका घट्ट बसलेला, तिच्या एका अंगठ्याने हलेना. मुकादम आणि ट्रकवाला दोघांनी मिळून तो दाबला, झाकण वर गेलं आणि आतून आंबट, गरम वाफेचा लोट तोंडावर आला.

धाकटी कोपऱ्यात होती. पत्र्याला गंजून एक बारीक भोक पडलं होतं, त्याला तोंड लावून बसलेली. हात मांडीवर पडले होते आणि बोटांची कातडी सोललेली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला तिच्या बोटांच्या लाल खुणा होत्या.

तिला बाहेर काढलं. ट्रकवाल्याने आपली पाण्याची बाटली तिच्या डोक्यावर रिकामी केली. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. ओठ हलले. थोरली खाली वाकली.

"कोणी काढली गं माझी चिंधी?"

थोरलीने मूठ उघडली.

धाकटीने चिंधीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. तोंड भिंतीकडे वळवलं.

त्यानंतर कितीतरी दिवस ती थोरलीशी बोलली नाही. हातांना पट्ट्या होत्या, म्हणून थोरली तिला भरवायची, तिचे केस विंचरायची, तिची चप्पल उन्हात ठेवायची. धाकटी घास घ्यायची, पण डोळे मिटून. घरात कुणी दार लावलं, कपाट लावलं, डब्याचं झाकण लावलं की ती दचकायची. तिच्यासाठी थोरलीने रात्रीसुद्धा दार उघडंच ठेवायला सुरुवात केली आणि उंबऱ्याशी स्वतः आडवी झाली.

मग एकदा घास तोंडात असतानाच धाकटी म्हणाली, "मीठ कमी आहे."

थोरलीचा हात तसाच राहिला. "बोललीस."

"मिठाशी बोलले."

थोड्या वेळाने तिने आपणहून सांगितलं. सुरुवातीला वाटलं, वाऱ्याने चिंधी उडाली. मग वाटलं, कोणीतरी मुद्दाम. मग ट्रकचा आवाज आला. लांब गेला. पुन्हा आला. "दर वेळी वाटायचं, आता. आता उचलणार. मी ओरडत होते ताई, पण पलीकडे कपडे धुवायची यंत्रं चालू. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तेव्हा मला सासूबाई आठवल्या. म्हटलं, दोन गाठी मारल्यात, कोणी हात लावणार नाही. बाकी कोणी लावलाही नसता." ती थांबली. "तुला पण ना, चिंधी दिसली की राहवत नाही."

थोरली रडली. धाकटीने पट्टी बांधलेल्या हाताने तिच्या पाठीवर थोपटलं, जमेल तसं.

मुकादमाने बिल्ला परत मागितला नव्हता. त्याने झालं ते सगळं वर कळवलं होतं. वरून उत्तर आलं की पेट्यांना आणखी पक्के खटके बसवावेत, म्हणजे कोणी आत शिरणार नाही.

"पक्के नका बसवू, दादा," थोरली म्हणाली. शेडमध्ये ती पहिल्यांदाच इतकं मोठ्याने बोलली असेल. "आतून उघडतील असे बसवा."

"मी तेच विचारलं, ताई. साहेब म्हणतात, आतून उघडणारा खटका लावला तर आत जायला परवानगी दिल्यासारखं होईल."

"जाणारे जातातच. मग आत राहावं असं म्हणतात का साहेब?"

मुकादम मान खाली घालून म्हणाला, "जाऊबाईंच्या पट्ट्या सुटल्या का? सुटल्या असतील तर घेऊन या. पुन्हा एकदा बघू."

पट्ट्या सुटल्या तेव्हा बोटांवर गुलाबी, कोवळी कातडी आली होती. इतके दिवस त्या बोटांना ना काच लागली होती, ना पत्रा. यंत्रापाशी धाकटीने अंगठा ठेवला तेव्हा थोरली मागे उभी राहून पुटपुटत होती. लाल दिवा लागला. अंगठा पुसून पुन्हा ठेवला. लाल. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "जरा दाबून ठेवा." धाकटीने दाबला. डोळे मिटले.

हिरवा लागला.

"बघ," धाकटी बाहेर आल्यावर म्हणाली. बिल्ल्यावरचा स्वतःचा फोटो ती निरखत होती. "बसून खाल्लं तेव्हा मी मी आहे. राबत होते तेव्हा मी कोण होते गं?"

दुसऱ्या सकाळी दोघी मिळून शेडवर निघाल्या. थोरलीच्या हातात गोणी नव्हती. वाटेत उचलणं तिने सोडून दिलं होतं. पण प्रत्येक पेटीपाशी ती थांबत होती. आकडा काढायची, तीनदा ठोकायची, कान देऊन उभी राहायची आणि मगच पुढे. ओठ हलत असत. नेम आता असा झाला होता.

"अगं, कोणाला विचारतेस?" धाकटी शाळेच्या पेटीपाशी हसली. "मी इथे आहे, तुझ्या शेजारी. चिमटा काढू का?"

"राहू दे. ठोकल्याशिवाय पाय पुढे पडत नाही."

"उशीर झाला तर मुकादम कापेल पगार. पहिल्याच दिवशी माझ्या नावाने बोंब."

दवाखान्यामागे ठोकलं. काही नाही. मग कारखान्याची भिंत आली आणि धाकटीचं बोलणं थांबलं. ती रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालायला लागली, पेटीकडे न बघता. थोरली मात्र पेटीपाशी गेली. वाफ गालाला लागली. पेटीवर चिंधी नव्हती. झाकण बंद, खटका बसलेला. नवे पक्के खटके अजून आले नव्हते, हा तोच जुना.

तिने ठोकलं. एक, दोन, तीन.

आतून ठक् असा आवाज आला.

थोरलीला वाटलं, आपल्याच मनातलं. तिने पुन्हा ठोकलं. आतून पुन्हा आलं, हलकंसं, जणू नखाने. चिंधीची रीत ठाऊक नसलेलं कोणीतरी. बिल्ला नसलेलं कोणीतरी. मागे वळणावर ट्रकचं इंजिन घरघरलं.

"धाकटे!" थोरली ओरडली.

धाकटी पलीकडे उभी होती, हात छातीशी घट्ट धरून. तिने पेटीकडे पाहिलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं. क्षणभर वाटलं, ती पळून जाईल. ट्रक वळणावरून पुढे आला. मग धाकटी रस्त्याच्या मधोमध धावत आली, एक हात ट्रककडे उंच करून, गळ्यातला नवा बिल्ला हेलकावत. थोरलीचा अंगठा खटक्यावर होता, पण तो एकटीच्याने हलत नव्हता.

"सरक," धाकटी म्हणाली. तिचे दात वाजत होते. तिने आपला कोवळा अंगठा थोरलीच्या अंगठ्यावर ठेवला आणि दोघींनी मिळून दाबला.